रजा आली की खेळ बंद

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाला, म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंगला, ठरलेला पट लागत नाही आणि त्यात कोणी जिंकतही नाही. चार-पाच जण बसतात. त्यांच्यातला एक सूत्रधार होतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारे त्याला डीएम म्हणतात. तो प्रसंग सांगतो: वाट संपली आहे, पुढे तुटका पूल आहे, पलीकडे कोणीतरी मशाल धरून उभे आहे. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात आणि काय करणार ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा, पात्राच्या ताकदीचे आकडे लिहिलेल्या कागदावरचा, म्हणजे कॅरेक्टर शीटवरचा, आकडा त्यात मिळवायचा आणि जे निघेल ते मान्य करायचे. कोकणातल्या दशावतारात नट लिहिलेल्या संहितेशिवाय, ठरलेल्या कथेवर आयत्या वेळी संवाद रचतात; इथे कथाही ठरलेली नसते. एक बैठक, खेळाडूंच्या भाषेत सेशन, तीन-चार तासांची होते. तीच पात्रे घेऊन महिनोन्‌महिने चालणाऱ्या बैठकांच्या मालिकेला कॅम्पेन म्हणतात.

या खेळाला पैसा थोडा लागतो. नियमांचे पुस्तक एकाकडे असले तरी भागते, कॅरेक्टर शीटच्या झेरॉक्स काढता येतात, फासे वर्षानुवर्षे टिकतात. लागतो तो वेळ, आणि तोही सुटा नव्हे: चार-पाच जणांचा, एकाच घटकेला, आधी कबूल केलेला. कादंबरी सुचेल तेव्हा उघडता येते, कॅरम दोघांतही रंगतो. इथे सूत्रधार आला नाही तर बाकीच्यांनी घरी जायचे. या कबुलीला दोन गोष्टी हमखास सुरुंग लावतात. एक फौजेची नोकरी, कारण तिथे माणसाचा वेळ युनिटचा असतो. दुसरे तान्हे मूल. सुरुवातीच्या महिन्यांत ते दिवसाला १४ ते १७ तास झोपते खरे, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि दर दोन-तीन तासांनी दूध मागते. एकाच घरात दोन्ही असतील तर खेळ सोडावा की त्याचे रूप बदलावे, यावर दोन पक्ष पडतात.

वांगणीसारख्या गावात हा पेच आणखी आवळतो. वांगणी मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, बदलापूर आणि शेलू यांच्या मध्ये, सीएसएमटीपासून सुमारे ७८ किलोमीटरवर आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्याचे दिवसाचे चार-साडेचार तास लोकलमध्ये जातात आणि बदलापूरच्या पुढे गाड्याही विरळ होतात. त्यामुळे फौजेत नसलेले खेळाडूसुद्धा फक्त रविवारचे. पावसाळ्यात तोही रविवार भरवशाचा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली, तेव्हा नौदल, हवाई दल, लष्कर आणि एनडीआरएफ यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढले; त्यांत ९ गरोदर स्त्रिया होत्या. या पट्ट्याला फौज परकी नाही. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्पवरच वसले: फाळणीनंतर सैनिकांच्या बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबे लेकराबाळांसह उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला नाव मिळाले, आणि पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच म्हणतात.

पुढच्या संवादात सुभेदार आणि सूनबाई बोलतात. सुभेदार मराठा पलटणीतून निवृत्त झालेले. सूनबाई त्यांच्या फौजी मुलाची बायको, चार महिन्यांच्या बाळाची आई आणि रविवारच्या खेळाची सूत्रधार. ही दोन मते आहेत. वांगणीत त्यांचे घर शोधू नये.

सुभेदार : सूनबाई, वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल. कागदावर झाले ९० दिवस. त्यातले काही प्रवासात जातात, काही गावच्या जत्रेत, काही लग्नाकार्यात. मंजूर झालेली सुट्टी रद्द होते ती वेगळीच. उरतील तेवढ्यात बाळाने बाप ओळखायला शिकायचे. आणि त्यातले रविवार तुम्ही राक्षस मारत बसणार?

सूनबाई : बाबा, राक्षस कुठले? निम्मा वेळ दार उघडायचे की नाही यावर भांडण्यातच जातो. पण तुमचा हिशेब बरोबर आहे, म्हणून माझे म्हणणे उलटेच आहे. हे रजेवर आले की खेळ बंद. हे युनिटला परत गेले की खेळ सुरू.

सुभेदार : तो तिकडे आणि खेळ इकडे? मग त्याच्यासाठी कशाला, स्वतःच्या हौसेसाठी म्हण की.

सूनबाई : हौस आहेच, नाकारत नाही. पण फोनवर ‘जेवलात का, बाळ काय करतंय, आईचा गुडघा कसा आहे’ एवढे झाले की पुढे काय बोलायचे? यांना तिकडची कामाची गोष्ट सांगता येत नाही, मला इकडचे रडगाणे लावायचे नसते. खेळातला पूल तुटला, तर त्यावर दोघांना आठवडाभर पुरेल एवढे बोलता येते.

सुभेदारांचा आक्षेप खेळाच्या वेळेवर आहे, तसा तो खेळाच्या जातीवरही आहे: हा रिकामटेकड्या कॉलेजकुमारांचा उद्योग. इतिहास मात्र वेगळे सांगतो. फासे आणि पंच घेऊन नकाशावर लढाई खेळण्याची पद्धत प्रशियाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंट फॉन राइसवित्झने १८२४ मध्ये नियमबद्ध केली. तिची सुरुवात त्याच्या वडिलांनी केली होती. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे त्याच प्रकारचे पुस्तक काढले. ते डेव्ह वेस्ली या मिनेसोटातल्या तरुणाच्या हाती लागले, आणि पंचाला जवळजवळ सर्वाधिकार देणारी त्यातली कल्पना घेऊन त्याने १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात खेळाडूंना नुसत्या पलटणी न देता माणसे दिली: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. भूमिका-खेळाचा जन्म इथला धरतात. वेस्ली स्वतः लष्कराच्या राखीव दलात होता. १९७० मध्ये त्याला सेवेत बोलावणे आले, आणि त्याची जागा त्याच्या टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने घेतली. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’मधून आणि गॅरी गायगॅक्सच्या नियमांतून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून बाहेर पडला.

म्हणजे सूत्रधाराला फौजेने उचलून नेले, हा प्रसंग या खेळाच्या पाळण्यातलाच आहे. गायगॅक्सच्या घरची कथा दुसऱ्या बाजूची. त्याची नोकरी १९७० मध्ये गेली होती, घरात पाच मुले होती आणि तळघरात लढाया मांडायला वाळूचे टेबल होते. त्याच्या ‘ग्रेहॉक’ किल्ल्यात १९७२ मध्ये पहिल्यांदा उतरलेले खेळाडू म्हणजे त्याचीच मुले, अर्नी आणि एलिस. मुलांना झोपायला पाठवून तो त्याच रात्री किल्ल्याचा दुसरा मजला रचायला बसला.

सुभेदार : वाळूचे टेबल म्हणजे आमचे सँड मॉडेलच की. टेकडी इथे, नाला इथे, शत्रूची चौकी तिथे. ऑर्डर द्यायच्या आधी सगळ्यांना ते दाखवायचे आणि विचारायचे, तू काय करशील? तो फुकटचा वेळ नव्हता.

सूनबाई : मग दिवाळीत पोरांना मातीचा किल्ला करायला तुम्हीच लावता, त्यावर मावळे कुठे ठेवायचे ते तुम्हीच सांगता. मी तेच करते, फक्त मावळे बोलतात.

सुभेदार : बोलू देत. पण वेस्ली गेला तेव्हा खेळ त्याने थांबवला नाही, दुसऱ्याच्या हाती दिला. फौजेत रजेवर जाणारा चार्ज देऊन जातो. तू का देत नाहीस?

सूनबाई : गोष्ट माझी आहे, बाबा. दोन वर्षे रचली आहे.

सुभेदार : पलटण कमांडिंग ऑफिसरची असते. तरी तो बदलून जातो आणि पलटण राहते.

इथे सुभेदारांची बाजू वरचढ आहे. कॅम्पेन एकाच सूत्रधाराच्या डोक्यात कोंडलेले असेल, तर त्याला मूल होताच ते बंद पडते. त्यावर टेबलाभोवतीचे सगळे आळीपाळीने सूत्रधार होतील अशी व्यवस्था लावता येते. प्रत्येकाने एकेक गाव किंवा एकेक बेट सांभाळायचे. ज्याचे बेट, त्या रविवारी तो सूत्रधार. दुसरी सोय वन-शॉटची: एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारी गोष्ट. तिला मागचा दुवा नसतो, त्यामुळे सहा महिन्यांनी रजेवर आलेला खेळाडू अवघडून बसत नाही. बैठक दीड तासावर आणली तर बाळाच्या दोन दुधांच्या मध्येही बसू शकते. सूनबाईंना हे पचायला जड जाते, आणि कुठल्याही सूत्रधाराला ते तसेच जाते; आपल्या गोष्टीवर इतका जीव जडणे हा या खेळाचा दोषच म्हणायला हवा.

टपालाने खेळण्याचा मार्ग मात्र सूनबाईंच्या बाजूने आहे, आणि त्यालाही फौजेचाच इतिहास आहे. रिक लूमिस हा अमेरिकन शिपाई हवाईतल्या फोर्ट शाफ्टर इथे नेमणुकीवर असताना त्याने १९७० मध्ये पत्राने खेळायचा ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ चालवायला घेतला. पुढे त्याचीच ‘फ्लाइंग बफेलो’ कंपनी झाली, आणि तिने १९७६ मध्ये ‘बफेलो कॅसल’ ही एकट्याने, सूत्रधाराशिवाय खेळायची पुस्तिका काढली: परिच्छेद वाचा, फासा टाका, सांगितलेल्या परिच्छेदावर जा. चौकीवरच्या माणसाला आणि पहाटे तीनला बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माणसाला, दोघांनाही हा प्रकार जमतो. भारतीय जवानाला पत्र ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर जाते. पाकिटावर नाव, युनिट आणि एपीओ एवढेच, गावाचे नाव नाही. एक पत्र म्हणजे एक डाव. उत्तराला तीन आठवडे लागले तरी गोष्ट शिळी होत नाही, कारण पत्रातल्या खेळात वेळ तसाही थांबूनच असतो.

सुभेदार : आणि त्या पत्रात तू नकाशा काढून पाठवणार? किल्ला, चोरवाट, चौकीवर किती पहारेकरी, हल्ला अमावास्येला? फील्डमध्ये टपाल उघडले गेले तर माझ्या पोराला आधी खुलासा द्यावा लागेल, मग रजा मागावी लागेल.

सूनबाई : हे मला सुचलेच नव्हते.

शंका पोकळ नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल-तपासणी खात्याने परदेशी टपालातून बुद्धिबळाचे डाव आणि शब्दकोडी पाठवायला बंदी घातली होती; चालींच्या आडून सांकेतिक निरोप जाईल ही भीती. फोनचा रस्ताही सरळ नाही. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप फोनवरून काढून टाकायला सांगितले; त्या यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम आणि पबजीही होते. तेव्हा फौजी खेळाडूला एखाद्या नव्या अ‍ॅपवर बोलावण्याआधी त्याच्या युनिटचा नियम त्यालाच विचारावा. पत्रात नकाशा, आकडे, तारखा आणि ठिकाणांची नावे टाळावीत. लढाईची गोष्ट सोडून दर्यावर्दी व्यापाऱ्याची किंवा हरवलेल्या पालखीची घ्यावी. गोष्ट त्याने बिघडत नाही, उलट सुधारते.

आता मुलाकडे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, बाराव्या दिवशी बारसे होते, सव्वा महिना आई-बाळ खोलीत असतात. शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू. फौजीच्या घरात याचा अर्थ असा की बाप एका ठिकाणी, आई दुसऱ्या ठिकाणी आणि खेळाचे टेबल तिसऱ्याच ठिकाणी. सूनबाईंचे म्हणणे असे की त्या खोलीतही खेळता येते, कारण हा खेळ मुळात कानांचा आहे. वांगणीत ते लगेच पटावे. भाडे परवडते म्हणून इथे अनेक अंध कुटुंबे येऊन राहिली आहेत, आणि नुसत्या बोलण्यावर चालणाऱ्या या खेळात डोळ्यांवाचून फारसे अडत नाही: फाशावर उठावाचे अंक असले आणि शीट कोणी वाचून दाखवली की झाले. अंधाऱ्या खोलीत बाळाला पाजताना आईही तशीच खेळू शकते.

सुभेदार : सटवी पाचव्या-सहाव्या रात्री येते म्हणून आम्ही कागद-पेन ठेवून जागायचो. तू तिथे फासा ठेवणार?

सूनबाई : ठेवायला हरकत काय? तीही कुठे आधी विचारून लिहिते?

सुभेदार : थट्टा सोड. सव्वा महिना बाईला झोप हवी असते. कान उघडे ठेवून झोप येत नाही.

सुभेदारांचे हेच म्हणणे मान्य करायला हवे. खेळता येते म्हणून खेळावे असे नाही, आणि त्या चाळीस दिवसांत टेबल बंद ठेवल्याने कोणाचेच पात्र मरत नाही. त्यानंतरही एक खबरदारी हवी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुटे भाग तपासायचे जे नळकांडे वापरतात, त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. त्यात जे पूर्ण मावते ते घशात अडकू शकते. वीस पैलूंचा नेहमीचा फासा साधारण २० मिलिमीटरचा. रांगणारे मूल घरात असेल तर फासे झाकणाच्या डब्यात टाकून डबाच हलवावा, किंवा चिठ्ठ्या काढाव्यात.

पण वादाचा गाभा याहून साधा आहे, आणि तो सुभेदार शेवटी बोलून दाखवतात.

सुभेदार : तू खेळतेस तेव्हा बाळ कोणाकडे असते?

सूनबाई : आईंकडे.

सुभेदार : तिचा वेळ कोणी मोजला? तुझ्या खेळात सगळ्यांच्या ताकदीचे आकडे लिहिलेले असतात. तिचा आकडा कुठे आहे?

सूनबाई : मंगळवारी त्यांचे भजनी मंडळ असते. त्या दिवशी स्वयंपाक आणि बाळ दोन्ही माझ्याकडे. हे आम्ही दोघींनी ठरवले आहे, तुम्हाला कोणी सांगितले नाही एवढेच.

सुभेदार : मग ठीक. आणि मी?

सूनबाई : तुम्ही रविवारी दीड तास बाळाला फलाटावर गाड्या दाखवायला न्या. नाहीतर टेबलाशी बसा.

वेळ ‘काढला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या तरी अंगातून काढलेला असतो. नव्या आई-बापांच्या घरी तो बहुधा आजीच्या वाट्याचा असतो. त्याची परतफेड ठरलेली असेल तर खेळ टिकतो. नसेल तर महिन्या-दोन महिन्यांत कुरबुर सुरू होते आणि कॅम्पेन मोडते. दोष मात्र बाळावर येतो.

सुभेदारांना टेबलाशी बसवायचेच असेल तर त्यांच्यासाठी एक खेळ आहे. ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळातला भूमिका-खेळ मार्क मिलर यांनी १९७७ मध्ये आणला. ते अमेरिकी लष्करात होते आणि व्हिएतनामला जाऊन आले होते. त्यात पात्र तयार करताना त्याची आधीची नोकरी फाशावर घडवावी लागते: नौदल, लष्कर, व्यापारी जहाज. एकेक मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत जगले का, बढती मिळाली का, पुन्हा भरती झाली का, हे फासा ठरवतो. मूळ नियमांनुसार पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकते. पात्र तयार करणे हाच एकट्याने करायचा अर्ध्या तासाचा खेळ होतो, त्यामुळे वेळेच्या चणचणीत तो फार उपयोगी पडतो.

सुभेदार : चार वर्षांची मुदत? म्हणजे अग्निवीर.

सूनबाई : पण पाच मुदती काढल्या की बहुतेक सेवांत पेन्शन बसते.

सुभेदार : वीस वर्षांनी? आमच्याकडे शिपायाला पंधरा वर्षांनी बसते. हा खेळ फौजीनेच लिहिलाय हे मात्र कळते. आण इकडे तो फासा.

सुभेदारांचा मूळ आक्षेप यामुळे सुटत नाही. त्यांचे मत अजूनही असे की मूल बोलू लागेपर्यंत घरात एकाच वेळी एकच हौस असावी. सूनबाईंच्या मते ती मर्यादा बापासाठी ठीक आहे. दिवसभर बाळाजवळ असणाऱ्या आईला आठवड्यातून दीड तास दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने बोलायला मिळालेच पाहिजे. या मुद्द्यावर निवाडा आईच्या बाजूने द्यावा लागतो, कारण रजा बापाला मिळते, तिला नाही. स्वतः वर्दीत असलेल्या आईची गोष्ट थोडी निराळी: नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सर्व हुद्द्यांच्या महिला सैनिकांना मातृत्वाची आणि बालसंगोपनाची रजा अधिकाऱ्यांइतकीच मंजूर केली. त्या रजेत झोप आधी आणि फासे नंतर, हे तिला कोणी सांगायला नको.

मुलाला टेबलाशी केव्हा घ्यावे, एवढाच प्रश्न राहतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या स्टार्टर सेटवर १२ वर्षे व पुढे असे छापलेले असते. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. भरतीनंतर पाच-सहा वर्षांनी ज्याला मूल झाले, तो बाप मुलाला बारावे वर्ष लागण्याआधीच वांगणीला कायमचा परतलेला असू शकतो.